घरगुती प्रिंटर खरेदी समिती

मी एकतीस वर्षं खरेदी विभागात काढली. तेवढ्या काळात मी कंपनीसाठी खुर्च्या घेतल्या, पंखे घेतले, कुलपं घेतली, एकदा तर एक क्रेनही घेतली. पण आवडली म्हणून एकही वस्तू घेतली नाही. वस्तू आवडणं हा खरेदीतला पहिला दोष. एकदा आवडली की माणूस चौकशी थांबवतो, आणि चौकशीच थांबली तर खरेदी विभागाने दिवसभर करायचं काय? निवृत्त होऊन मला दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत माझ्याकडे कुणी साधी टाचणीसुद्धा मागितली नव्हती. म्हणून बायको जेव्हा म्हणाली की संध्याकाळी बाहेर जाल तेव्हा एक प्रिंटर घेऊन या आणि बाथरूमचा बल्ब पण आणा, तेव्हा आनंद किती झाला आणि अपमान किती वाटला हे मला वेगवेगळं सांगता येणार नाही. प्रिंटर आणि बल्ब, एकाच वाक्यात.

प्रिंटर हवा होता तिच्या धंद्यासाठी. ती हात धुण्याचा पातळ साबण घरीच बनवते. मागच्या गॅलरीत दोन मोठी पातेली, एक वजनकाटा आणि पंपाच्या बाटल्यांच्या रांगा, एवढाच कारखाना. आतापर्यंत गिऱ्हाइकं म्हणजे ओळखीपाळखीची माणसं, आणि लेबल म्हणजे मार्करने लिहिलेली चिठ्ठी. पण नुकतीच बाजारातल्या मोठ्या दुकानाच्या मॅनेजरबाईंनी तिची बाटली हुंगून पाहिली, त्या साबणाने हात धुऊन पाहिले आणि दुकानातली एक फळी द्यायचं कबूल केलं. पंचवीस तारखेला साठ बाटल्या हव्यात, प्रत्येकीवर रंगीत छापील लेबल हवं, त्यावर आत काय आहे, किती आहे, कधी भरलं, सगळं हवं. पंचवीस हुकली की फळी फिनाइलवाल्याला. बायको ती फळी चार वेळा जाऊन पाहून आली होती. नजरेच्या उंचीवर आहे, वाकावं लागत नाही, हे तिने मला चारही वेळा सांगितलं. तीन वर्षं ती पातेली घासत होती आणि तिच्या साबणाला धंदा म्हणणारं माणूस तिला पहिल्यांदा भेटलं होतं.

त्या दिवशी चार तारीख होती. म्हणजे हातात एकवीस दिवस. क्रेनला आम्हाला चौदा महिने लागले होते, तेव्हा यात घाई करावी लागणार हे मला स्पष्ट दिसत होतं. मी फक्त बल्ब आणला आणि प्रिंटरसाठी समिती नेमली.

अध्यक्ष अर्थातच मी. तांत्रिक सदस्य म्हणून मेहुणा. तो विमा विकतो, पण त्याच्याकडे तीन मोबाइल आहेत आणि घरातल्या कुणाचाही मोबाइल बिघडला की तो हातात घेऊन बंद करून पुन्हा चालू करतो, त्यामुळे सगळे त्याला तज्ज्ञ समजतात. दुसरे सदस्य वरचे इंजिनिअर. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, पाण्याच्या टाक्या बांधण्यात त्यांचा जन्म गेला, आणि कुठल्याही यंत्राकडे ते अशा नजरेने पाहतात की यंत्र गळत असेल तर गळायचं थांबावं. बायकोचा समावेश 'वापरकर्ता विभाग' म्हणून केला. आमच्या कंपनीत वापरकर्ता विभागाला बैठकीला बोलवायची पद्धत होती, बोलू द्यायची नव्हती.

पहिल्या बैठकीला वापरकर्ता विभागाने चहा दिला. मेहुण्याने सुरुवातीलाच लेझर प्रिंटर घ्या म्हणून सांगितलं, कारण त्याच्या ऑफिसात लेझर आहे. बायकोने लेबलावर हिरवं पान आहे, फिकट ते गडद असं, ते शाईच्या प्रिंटरवरच नीट येतं, असं स्वयंपाकघरातून सांगितलं. मग इंकजेट ठरला. त्यातही कार्ट्रिजचा घ्यायचा की शाईच्या टाकीचा, यावर टाकी हा शब्द ऐकताच वरच्या इंजिनिअरांनी टाकीच्या बाजूने पाऊण तास भाषण केलं. कागद मागून घालायचा की पुढून, हा मुद्दाही त्यांनीच काढला. मागून कागद घालायच्या यंत्राचं तोंड कायम वर उघडं असतं, आत धूळ जाते, ते म्हणाले. झाकण नसलेली टाकी त्यांनी आयुष्यात मंजूर केली नव्हती. पुढच्या ट्रेचा प्रिंटर घ्यायचा, असा ठराव झाला आणि मागच्या तोंडाचे सगळे प्रिंटर एका फटक्यात बाद झाले.

बायको कप उचलायला आली तेव्हा तिने एक शंका काढली. लेबल चिकट कागदाचं असणार, आणि बाटली राहणार बेसिनजवळ, तर ते चालेल ना? मी 'चिकट लेबलांवर छपाई' हा मुद्दा लगेच एकोणिसाव्या क्रमांकावर टाकला, कारण वापरकर्ता विभागाकडे अगदीच दुर्लक्ष केलं असं कुणी म्हणायला नको. बेसिनचा मुद्दा 'ऐन वेळी येणारे इतर विषय' यात घेऊ म्हटलं. इतर विषय सुरू होईपर्यंत मेहुणा निघून गेला होता.

माझ्या यादीत एकूण सत्तावीस मुद्दे झाले. पान किती सेकंदांत बाहेर येतं, आवाज किती करतो, वजन किती, वायर किती लांब. यादी घेऊन मी तीन दुकानांत गेलो. पहिल्या दुकानदाराला कोटेशन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. त्याने प्रिंटरवर हात ठेवून सांगितलं की हा इथे आहे, घेऊन जा. मी म्हटलं, बंद पाकिटात दर द्या. त्याने विचारलं, किती प्रिंटर घ्यायचेत? मी एक म्हटल्यावर त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. ते आदराने होतं असं मला त्या वेळी वाटलं. दुसऱ्या दुकानातल्या मुलीकडे पाकीट नव्हतं, तिसऱ्याकडे पाकीट होतं पण गोंद नव्हता. शेवटी पाकिटं मीच विकत घेतली, मीच चिकटवली, आणि सत्तावीस मुद्द्यांच्या यादीवर प्रत्येकाची सही आणि शिक्का घेऊन आलो. तिघांनीही सगळ्या सत्तावीस मुद्द्यांपुढे 'होय' लिहिलं होतं. त्यात 'आवाज किती' यापुढेही होयच होतं.

पाकिटं समितीसमोर उघडली. तुलनात्मक तक्ता हाताने काढणं बरं दिसेना, म्हणून तो छापून आणायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या बाई दिवसभर एका छोट्या खोलीत चार यंत्रांच्या मध्ये उभ्या असतात. त्यांनी तक्ता छापला, वाचला आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. प्रिंटर निवडतोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या की मग मला विचारायचं. मी हसलो. त्यांनी कोटेशन भरलेलं नव्हतं, आणि कोटेशन न भरलेल्या पार्टीशी बोलणं नियमात बसत नाही.

निवड कशी झाली ते सांगतो आणि इथे मला थोडा कमीपणा घ्यावा लागेल. प्रत्येक दुकानात नमुना म्हणून पोपटाचं चित्र छापून देतात. सत्तावीस मुद्द्यांत आणि दरातही तिघे सारखे ठरल्यावर आम्ही तीन पोपट टेबलावर मांडले. मेहुण्याने चष्मा काढून पाहिले, इंजिनिअरांनी लावून पाहिले. पहिल्या दुकानाच्या पोपटाच्या शेपटीत निळ्याच्या पाच छटा दिसत होत्या. सर्वानुमते पोपट मंजूर झाला. साबणाच्या बाटलीवर पोपट नव्हता, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.

चौदा तारखेला प्रिंटर घरी आला. वरच्या इंजिनिअरांनी पाणसळ लावून तो टेबलावर बसवला. मेहुण्याने तो बंद करून पुन्हा चालू केला. टाक्यांत शाई भरली, नळ्यांतून ती हळूहळू चढताना पाहून इंजिनिअर भावुक झाले. साध्या कागदावर पहिलं पान उत्तम आलं. मग बायकोने चिकट लेबलांचा कागद आणला. एका कागदावर बारा लेबलं. तो पुढच्या ट्रेमधून आत गेला, पोटात मागच्या बाजूला जाऊन उलटा वळला आणि वरून बाहेर आला. बाहेर आली तेव्हा लेबलं दहा होती.

उरलेली दोन वळणावर सुटून आतल्या रुळाला चिकटली होती. लाल दिवा लागला. बायकोचा भुवया कोरायचा चिमटा, इंजिनिअरांची बॅटरी आणि मेहुण्याची बोटं एकाच वेळी आत गेली आणि एकटी बॅटरी सहज बाहेर आली. संध्याकाळपर्यंत एक लेबल निघालं, तेही तुकड्यांत.

दुसऱ्या दिवशी प्रिंटर कापडात गुंडाळून दुरुस्ती केंद्रात नेला. टोकन घेतलं, फॉर्म भरला, फॉर्म चुकीच्या रंगाचा होता म्हणून दुसरा भरला. काउंटरवरच्या माणसाने शांतपणे विचारलं, आत चिकट कागद घातला होता का? मी एकतीस वर्षं लोकांचे दावे फेटाळले आहेत. असा प्रश्न कशासाठी विचारतात हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, कागद घातला होता. त्याने विचारलं, कसला? मी म्हटलं, पांढरा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. समोरच्या खुर्चीत बसून आयुष्यभर जो आवाज मी काढला, तोच आवाज काढून तो म्हणाला, पाच दिवसांनी या. माझ्या मानाला इतका धक्का कधी बसला नव्हता.

वीस तारखेला प्रिंटर परत मिळाला, सोबत चिकट कागद घालू नये अशी लेखी ताकीद. समितीची तातडीची बैठक झाली. ठराव असा, की साध्या कागदावर लेबल छापायचं, कात्रीने कापायचं आणि डिंकाने चिकटवायचं. आम्ही तिघे दोन दिवस जेवणाच्या टेबलावर बसून कापत होतो. इंजिनिअरांनी प्रत्येक लेबल पट्टीने मोजलं. मेहुण्याने विम्याची दोन गिऱ्हाइकं हातची घालवली. बावीस तारखेच्या दुपारी साठ बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या, प्रत्येकीवर हिरवं पान, आणि ती ओळ पाहून मला क्रेन आली त्या दिवसाची आठवण झाली.

बायकोने त्यातली एक बाटली उचलली आणि बेसिनवर नेली. काही परीक्षा घ्यायची म्हणून नाही, हात धुवायचे होते म्हणून. ओल्या हाताने तिने बाटली धरली, पंप दाबला, हात धुतले, बाटली पुन्हा जागेवर ठेवली. मग तळहात आमच्यापुढे धरला. पान तिच्या मनगटापर्यंत उतरलं होतं. बाटलीवर वजन दिसत नव्हतं, तारीख दिसत नव्हती, एक हिरवट डाग तेवढा होता. मेहुण्याला एकाएकी कुणाला तरी फोन करायचा होता. इंजिनिअरांनी वरचा गॅस चालू राहिलाय म्हणून जिना गाठला. मी तिथेच उभा राहिलो, कारण मला जायला दुसरं घर नव्हतं.

ती ओरडेल असं वाटलं. ती खुर्चीवर बसली.

"पंचवीसला बाटल्या न्यायच्यात मला," ती म्हणाली. "तुम्हाला खरेदी करायची होती. मला फक्त लेबल लावायचं होतं."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

"तुम्ही दोन महिने दुपारपर्यंत पायजम्यात बसून असायचात. समिती नेमल्यापासून रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायला लागलात. मला वाटलं, चार दिवस बसू देत. चाराचे अठरा झाले."

मला वाईट वाटलं, आणि लाज त्याहून जास्त वाटली. ती फळी आपल्या हातून जातेय हे दिसत असताना तिने माझ्या दाढीची काळजी केली होती. मी म्हटलं, काय करायचं सांग. ती म्हणाली, चपला घाला आणि फाइल घरी ठेवा. मी चपला घातल्या. फाइल मात्र घरी ठेवली नाही, सवय अशी एका वाक्याने जात नाही.

ती तडक झेरॉक्सच्या बाईंकडे गेली. बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या. छापायचं कशावर आहे, आणि ते ओलं होणार आहे का. पहिला प्रश्न माझ्या तक्त्यात होता आणि त्यापुढे तीन दुकानदारांचे तीन होकार होते, जे आम्ही कुणीच तपासले नव्हते. दुसरा प्रश्न सत्तावीसमध्ये कुठेच नव्हता. बाईंनी कोपऱ्यातला एक जुनाट प्रिंटर पुढे ओढला. त्याचं तोंड मागे, वर, उघडं. कागद वरून आत जातो आणि सरळ पुढे येतो, मध्ये वळण नाही, म्हणून लेबल सुटत नाही, त्यांनी सांगितलं. आणि शाई दोन जातींची असते. एक पाण्यात विरघळते, फोटोला छान दिसते. दुसरीत रंगाचे बारीक कण असतात, ते वाळले की धरून बसतात. त्यांनी प्लास्टिकच्या लेबलावर बायकोचं पान छापलं, पाच मिनिटं वाळू दिलं आणि पेल्यातलं पाणी त्यावर सरळ ओतलं. बायकोने अंगठ्याने घासलं. पान होतं तिथेच राहिलं. बायको इतक्या मोठ्याने हसली की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं.

धूळ जाते का, हे मी तेवढ्यात विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, जाते ना, मी वर रुमाल टाकते.

तसाच नवा प्रिंटर पहिल्या दुकानात होता. आमच्या पोपटवाल्याच्या अगदी शेजारी, इतके दिवस. बायकोने तो दहा मिनिटांत पसंत केला. माझ्या डोळ्यांदेखत, आवडला म्हणून. अडचण एवढीच होती की पहिला प्रिंटर परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. वापरलेला माल, शाई भरलेली, आम्ही काय करणार, हे सगळं तो म्हणाला. बायकोचा चेहरा उतरला. तेव्हा मी फाइल उघडली. मुद्दा क्रमांक एकोणीस, चिकट लेबलांवर छपाई, होय. खाली त्याची सही, दुकानाचा शिक्का. त्याशेजारी दुरुस्ती केंद्राची ताकीद ठेवली, चिकट कागद घालू नये. दुरुस्ती केंद्रात मी उगाच पांढऱ्या कागदाच्या मागे लपलो होतो, माझी बाजू तर माझ्याच फाइलीत होती. आवाज न चढवता मी दुकानदाराला म्हटलं की तुम्ही लिहून दिलेला माल तुम्ही दिलेला नाही, तेव्हा बदलून द्या, नाहीतर हे दोन कागद घेऊन ग्राहक मंचात भेटू. त्याने दोन्ही कागद वाचले. मग त्याने पुन्हा खुर्ची दिली आणि पाणी मागवलं, आणि या वेळी ते खरोखर आदराने होतं.

रिक्षात बायकोने नवा प्रिंटर मांडीवर घेतला आणि माझी फाइल स्वतःच्या पिशवीत ठेवली. म्हणाली, "ही उपयोगी पडते म्हणायची." एकतीस वर्षांत कुठल्याही विभागाने मला असं लेखी किंवा तोंडी कळवलेलं नव्हतं.

पंचवीसला साठ बाटल्या फळीवर गेल्या, नजरेच्या उंचीवर. फिनाइलवाला खालच्या फळीवर होता. आठवड्याने लेबल वाचताना मला दिसलं की अगदी खाली, तारखेच्या शेजारी, 'तक्रारीसाठी संपर्क' असं लिहून माझा मोबाइल नंबर दिलेला आहे. मला न विचारता. तिला म्हटलं तर ती म्हणाली, लेबलावर कुणाचा तरी नंबर लागतोच, आणि तक्रारी ऐकून घ्यायचा घरात अनुभव कुणाला आहे? मी एक वही आखली, पेनं दोन ठेवली, एक निळं, एक लाल. मग रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसू लागलो. दोन आठवडे एकही तक्रार आली नाही. बायको खूश होती, मला मात्र थोडं दुर्लक्षित वाटत होतं.

सतराव्या दिवशी फोन वाजला. एक बाई होत्या, चांगल्याच वैतागलेल्या. मी निळं पेन उचलून म्हटलं, बोला, नोंदवून घेतो.

"साबण संपला हो आमचा," त्या म्हणाल्या. "बाटली छान आहे म्हणून मी ती तेलासाठी घेतली. पण लेबल निघेना. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवली, गरम पाण्यात ठेवली, घासणीने घासलं. एक अक्षर पुसलं जाईना. परवा सासऱ्यांनी त्यावर वाचलं 'हात धुण्यासाठी' आणि तेलाने हात धुतले. असली कसली लेबलं लावता तुम्ही?"

मी सगळं शब्दशः लिहून घेतलं, खेद व्यक्त केला, आणि सासऱ्यांची विचारपूस केली. बायको गॅलरीत नव्या बाटल्या भरत होती. कुणाचा फोन म्हणून तिने हात न थांबवता विचारलं. मी दारात उभा राहून तिला पहिली तक्रार वाचून दाखवली. तिने पातेल्यातली पळी खाली ठेवली, ओले हात पदराला पुसले, स्टूल ओढून त्यावर बसली आणि म्हणाली, पुन्हा वाचा, सावकाश, अगदी पहिल्यापासून.